किरण : शब्दाचे लिंग आणि नावाचे लिंग

‘किरण नगरकर यांनी ही कादंबरी लिहिली’ आणि ‘किरण देसाई यांनी ही कादंबरी लिहिली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. आडनाव सोडले तर दोहोंत अक्षराचाही फरक नाही. पहिल्या वाक्यातील लेखक पुरुष आहे : १९७४ मध्ये ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही मराठी कादंबरी लिहून पुढे इंग्रजीत कादंबरीलेखन करणारे किरण नगरकर (१९४२–२०१९). दुसऱ्या वाक्यातील लेखक स्त्री आहे : २००६ चे बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या किरण देसाई. हा भेद वाचकाला वाक्यातून कळत नाही. आधीच माहीत असेल तरच तो कळतो. तीन लिंगे मानणाऱ्या आणि क्रियापदावरही लिंगाची खूण उमटविणाऱ्या मराठीत असे प्रसंग थोडे येतात. म्हणूनच ‘किरण’ या नावाचा विचार केवळ हौशी नामचर्चेचा विषय राहत नाही. भाषा लिंग कोठे सांगते, कोठे राखून ठेवते आणि अभ्यासक ते कोठे गृहीत धरतो, हे तीन प्रश्न या एका नावाभोवती एकत्र येतात.

स्त्री आणि पुरुष दोघांनाही दिली जाणारी नावे मराठीत मुळातच विरळ आहेत. किरण, शशी, कमल, सुमन अशी काही उदाहरणे सहज आठवतात. परंतु ती सर्व एका जातीची नाहीत. ‘कमल’ आणि ‘सुमन’ ही नावे भाषा बदलली की लिंग बदलतात. कथाकादंबरीकार कमल देसाई, जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे, गायिका सुमन कल्याणपूर या नावांमुळे मराठी कानाला ती स्त्रीनामे म्हणूनच परिचित आहेत. उलट हिंदीत ‘कमल’ हे पुरुषाचे नाव म्हणून रूढ आहे आणि कवी शिवमंगल सिंह यांनी ‘सुमन’ हे उपनाम धारण केले होते. ‘किरण’चे तसे नाही. हे नाव मराठीच्या अंतर्गतच दोन्हीकडे चालते. बडोद्याचे किरण मोरे भारतीय संघाचे यष्टिरक्षक होते. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे २०२२ मध्ये भारतीय महिला संघाकडून खेळल्या. मराठीत पुरुषांमध्ये हे नाव अधिक आढळते हे खरे. पण स्त्रीचे नाव म्हणून ते कोणाला चमत्कारिक वाटत नाही.

या नावाविषयी एक मत अधूनमधून ऐकू येते. ते असे की, ‘किरण’ हा शब्द संस्कृतात आणि मराठीत पुल्लिंगी असल्याने ते मूळचे पुरुषनाम होय. मुलींना ते देण्याची रीत हिंदीच्या अनुकरणातून आली आणि म्हणून तो एक प्रकारचा अपप्रयोग आहे. या मताचा पूर्वार्ध बरोबर आहे. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे या धातूपासून हा शब्द सिद्ध होतो. ऋग्वेदात तो सूक्ष्म धूलिकण या अर्थाने आढळतो. विखुरणाऱ्या धुळीवरून विखुरणाऱ्या प्रकाशाकडे झालेला त्याचा अर्थप्रवास सहज समजण्यासारखा आहे. शैव आगमांपैकी एकाचे ‘किरण’ हे नाव आहे, तर उदयनाचार्यांच्या वैशेषिक दर्शनावरील टीकेचे नाव ‘किरणावली’ आहे. मराठीत ‘आशेचा किरण’ पुल्लिंगी राहतो आणि हिंदीत तोच शब्द स्त्रीलिंगी होतो, हेही खरे आहे. हिंदी भाषिक प्रदेशात हे नाव मुलींना विशेषेकरून दिले जाण्याशी या व्याकरणाचा संबंध असू शकेल. मात्र या सर्वांवरून अपप्रयोगाचा निष्कर्ष निघत नाही.

तो का निघत नाही, हे ‘किरण’च्या समानार्थी शब्दांकडे पाहिले की स्पष्ट होते. अमरकोशात प्रकाशकिरणाच्या पर्यायांमध्ये ‘किरण’ आणि ‘रश्मि’ पुल्लिंगी आहेत, ‘मरीचि’ हा शब्द स्त्रीलिंगी व पुल्लिंगी असा दुहेरी सांगितला आहे आणि ‘दीधिति’ स्त्रीलिंगी आहे. मूळ शब्दाचे लिंग हीच नावाची कसोटी मानली, तर ‘रश्मी’ हे नाव मुलाचे ठरेल. व्यवहारात ते जवळजवळ सर्वत्र मुलीचे आहे, आणि त्यावर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. ‘ज्योती’चे मूळ ‘ज्योतिस्’ नपुंसकलिंगी आहे. ‘कुसुम’ही नपुंसकलिंगीच, तरी शिरवाडकरांनी ‘कुसुमाग्रज’ हे टोपणनाव घेतले ते कुसुम नावाच्या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून. ज्या नावांच्या अखेरीस ईकार ऐकू येतो ती स्त्रीनामे झाली आणि व्युत्पत्ती बाजूला राहिली. अकारान्त ‘किरण’ला असा कोणताच कानाला जाणवणारा आधार नसल्याने ते दोन्हीकडे मोकळे राहिले. शब्दाचे व्याकरणिक लिंग आणि व्यक्तीचे लिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे संस्कृत वैयाकरणांना अपरिचित नव्हते. पत्नी या अर्थाचा ‘दार’ पुल्लिंगी आणि त्याच अर्थाचा ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, ही उदाहरणे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने वाचलेली असतात. नावांचा प्रश्न आला की मात्र त्यांचा विसर पडतो.

मराठीच्या रूपविचारातही याला दुजोरा मिळतो. सामान्यनाम म्हणून ‘किरण’ला विभक्तिप्रत्ययापूर्वी सामान्यरूप होते : ‘सूर्यकिरणाने दव वाळले’. विशेषनाम झाल्यावर आजच्या प्रमाण मराठीत ते होत नाही : ‘किरणने पत्र लिहिले’. म्हणजे शब्द नाव बनतो तेव्हा पुल्लिंगी अकारान्त नामाची सर्वांत ठळक खूणच तो टाकून देतो. यापुढे त्याचे लिंग ठरते ते वाक्याने आणि व्यवहाराने. ‘किरण आला’, ‘किरण आली’ यांत क्रियापद ते उघड करते. ‘किरणने पत्र लिहिले’ यांत क्रियापद कर्माकडे वळते आणि कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. ‘किरणला वाटते’ यांतही ते कळत नाही. लिंगाची खूण नावाबाहेरून पुरविण्याची रीत मराठीत जुनीच आहे. संतपरंपरेतील ‘नामा’ आणि ‘जना’ ही दोन्ही नावे आकारान्त. त्यांतील पुरुष कोण आणि स्त्री कोण हे ‘देव’ आणि ‘बाई’ या जोडशब्दांनी निश्चित झाले. राव, पंत, ताई, बाई यांचे कार्य हेच होते. शीख समाजात आजही बहुतेक नावे दोघांना समान असतात आणि भेद सिंह व कौर यांनी दाखविला जातो. राव-पंतांचा वापर ओसरला तसे एकटे नाव उघडे पडले आणि लिंग सांगण्याचे ओझे त्याच्यावर आले. ‘किरण’ते ओझे वाहत नाही, एवढाच त्याचा दोष.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न येथेच भिडतो. मराठी ग्रंथव्यवहारात पुरुष लेखकांची नावे आद्याक्षरांनी लिहिण्याचा प्रघात पडला : वि. स. खांडेकर, ना. सी. फडके. लेखिकांची नावे बहुधा पूर्ण लिहिली गेली : कुसुमावती देशपांडे, इंदिरा संत. परिणामी आद्याक्षरे दिसली की लेखक पुरुष, असे वाचक न कळत धरून चालतो. ‘किरण’ नावाच्या बाबतीत हे गृहीतक दुणावते. नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव या मराठी पद्धतीतही खुलासा होत नाही. कारण मधले नाव पुत्र, कन्या आणि पत्नी या तिघांच्याही बाबतीत पुरुषाचेच असते. सूची करणारा अशा वेळी सवयीने निर्णय देतो, आणि मराठीतील सवय पुरुषाच्या बाजूची आहे. एखाद्या जुन्या नियतकालिकातील किरण नावाच्या कवयित्रीची नोंद कवी म्हणून झाली, तर ती स्त्रीलेखनाच्या इतिहासातून निमूटपणे वगळली जाते, आणि वगळली गेल्याचेही कोणाला कळत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, लिंगाची नोंदच टाळली तर स्त्रीवादी समीक्षेचा आधार जाईल. आक्षेप रास्त आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव होते. तरी मुखपृष्ठावरील स्त्रीनामाने त्या कथांच्या वाचनाची दिशा ठरविली. लेखकाचे लिंग वाचनात अर्थ निर्माण करते, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या माहितीला एवढे महत्त्व आहे, ती नावावरून तर्काने काढणे अधिकच अयोग्य होय. ती चरित्र, पत्रव्यवहार, प्रकाशकाच्या नोंदी किंवा समकालीनांचे लेखन यांतून पडताळून घ्यावी. पडताळता आली नाही तर तशी नोंद करावी. लिंगाचा प्रश्न विवेचनाला लागू नसेल तेथे ‘यांनी’, ‘यांचा’, ‘त्यांच्या मते’ ही आदरार्थी रूपे पुरेशी आहेत. त्यासाठी भाषेत नवी भर घालण्याची गरज नाही. शोधनिबंधाची प्रचलित मराठी हे काम आजही करते.

इंग्रजी भाषिक देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या नावाची गाठ त्याच्याशी उच्चाराने जवळ असलेल्या ‘किअरन’ या आयरिश पुरुषनामाशी पडते. त्याच्या मुळाशी ‘काळा’ या अर्थाचा शब्द आहे. उच्चार जवळचे, पण एकाचा अर्थ प्रकाश आणि दुसऱ्याचा काळोखाकडे झुकणारा. केवळ नाव ऐकून त्याचे मूळ ठरविणे जितके धोक्याचे, तितकेच त्यावरून व्यक्तीचे लिंग ठरविणेही धोक्याचे आहे. ‘किरण’ हे मुलाचे नाव की मुलीचे, या प्रश्नाला व्युत्पत्तीकडे उत्तर नाही. सूचीत हे नाव समोर आले की अभ्यासकाने थांबावे आणि पुढची नोंद तपासून घ्यावी.