पदराआडचा श्वास

सकाळी आपण महाविद्यालयात शिरतो तेव्हा मावशी व्हरांडा झाडत असतात. धुळीचा लोट उठतो. आपण नाकाला रुमाल लावून लगबगीने पुढे जातो. मावशी मात्र तोंडावरचा पदर सारखा करून झाडतच राहतात. मधूनमधून खोकतात. तीन वर्षांत प्रथमच यंदा मी त्यांना त्याविषयी विचारले. ‘‘धूळच ती, चूळ भरली की गेली,’’ त्या म्हणाल्या.

ती तशी जात नाही. माणसाचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकाघशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांत उतरतात. तेथे दाह होतो, खोकला चिकटतो, दमेकऱ्याचा दमा उसळतो. अडीच मायक्रॉनहून लहान कण तर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हल्ली या अतिसूक्ष्म कणांची चर्चा फार. म्हणून जाड धूळ निरुपद्रवी, असा सोयीस्कर समज आपण करून घेतला आहे. पण एकाच लोटात सर्व आकारांचे कण असतात. दिसणारी धूळ खाली बसते, न दिसणारी तरंगत राहते. पदराच्या विणीतून ती सहज आत जाते.

आपल्या देशाने २००९ साली १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची मर्यादा ठरवली : घनमीटरमागे चोवीस तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ४५ असावी असे सुचवले. पण ही मोजमापे शहराच्या हवेची. झाडूपासून हातभर अंतरावरची हवा कोण मोजतो?

काही मित्र म्हणतात, वर्ग भरण्यापूर्वीच झाडून घ्यावे. त्याने आपण वाचू, मावशी नाही. उपाय साधा आहे : झाडण्याआधी पाण्याचा शिपका द्यावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी, नाकातोंडावर नीट बसणारा मास्क त्यांना द्यावा. पाण्याची टंचाई आहे हे खरे; पण शिपक्याला बादलीभर पाणी पुरते, आणि ते भरून देण्याइतके हात आपल्याकडे नक्कीच आहेत.

मित्रहो, श्रमप्रतिष्ठेवर आपण निबंध लिहितो, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवतो. ज्या वर्गात हे सारे घडते तो स्वच्छ ठेवणारीला तेथे मोकळा श्वास घेता येऊ नये, हे आपल्याला शोभत नाही. स्नेहसंमेलनाच्या खर्चातून चार बादल्या आणि थोडे मास्क घेतले, तर रोषणाई काही फार उणी पडणार नाही.