‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्यांना

माझी अम्मी धुळ्याला भावाकडे राहते. मी जळगावात उर्दू आणि मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी थंडीत तिची धाप फार वाढली, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी पारोळामार्गे एसटीने धुळ्याला गेले. विचारलं, ‘अम्मी, औषध घेतेस ना?’ ती म्हणाली, ‘बराबर ले रही हूँ बेटा, सुबह-शाम, पानी के साथ.’

पानी के साथ? मी पाकीट मागितलं. छातीच्या डॉक्टरांनी दिलेल्या त्या कॅप्सूल यंत्रात टाकून, फोडून, आतली पूड श्वासाने ओढायच्या होत्या. यंत्र कपाटात सुई-दोऱ्याच्या डब्याशेजारी जसंच्या तसं पडलं होतं. तीन महिने अम्मी त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती. औषध पोटात जात होतं, फुप्फुसं उपाशी राहत होती.

कुणी म्हणेल, म्हातारी अडाणी असेल. माझी अम्मी उर्दू सातवी शिकली आहे, रोज वर्तमानपत्र वाचते. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘एक सकाळी, एक संध्याकाळी’. पाकिटातला कागद इंग्रजीत. डॉक्टर घाईत, मेडिकलवाला त्याहून घाईत. कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच. चूक तिची नाही. ज्यांनी यंत्र हातात ठेवलं आणि एकदाही समोर ओढून दाखवलं नाही, त्यांची आहे.

पण आज मला डॉक्टरांपेक्षा आपल्या लोकांशी जास्त भांडायचं आहे. कारण मी अम्मीला ते यंत्र वापरायला शिकवलं, तिला बरं वाटू लागलं, आणि लगेच मोहल्ला आला. ‘आपा, पंप की आदत लग जाती है.’ ‘ये तो आखरी इलाज है.’ ‘स्टिरॉइड है, हड्डी गल जाएगी.’ एका नातेवाइकाने तर पुड्या आणून दिल्या. मराठी शेजारणीही मागे नव्हत्या. ‘सवय लागते हो’ हे वाक्य मी दोन्ही भाषांत सारख्याच खात्रीने ऐकलं आहे.

तर या सवयीचा हिशेब करू. चष्म्याची सवय लागते असं म्हणून आपण चष्मा फेकतो का? सीओपीडीत फुप्फुसांतल्या हवेच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात. झालेलं नुकसान भरून येत नाही. पण रोजचा पंप नळ्या मोकळ्या ठेवतो, धाप कमी करतो आणि दवाखान्यात भरती व्हायला लावणारे झटके कमी करतो. पंप सोडल्यावर धाप परत येते ती आजार तिथेच असतो म्हणून.

स्टिरॉइडचं भय दाखवणाऱ्यांनी गणित करावं. सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. पंपातलं औषध थेट जागेवर जातं, म्हणून थोडं पुरतं. त्याचे दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणत नाही. तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. सीओपीडीच्या काही रुग्णांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणूनच प्रत्येकाला स्टिरॉइडचा पंप देत नाहीत. कुणाला द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. पण ज्यांना पंपातल्या मायक्रोग्रॅमची भीती वाटते, तेच लोक नाव नसलेली दम्याची पुडी बिनधास्त खातात. त्या पुडीत काय आहे हे कुणी विचारत नाही. अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, तेही मोजमापाशिवाय.

दुसरं बोलणं आणखी टोचतं: ‘बाई असून हा आजार? बिडी ओढायची का?’ पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. आपल्या खानदेशात याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या भरिताचं आणि खापरावरच्या मांड्यांचं आपण कौतुक करतो. त्या धुरासमोर चाळीस वर्षं कोण बसलं? आमची अम्मी बसली, तुमची आई बसली. त्यात जिनिंगची रुई, लूमची धूळ, उन्हाळ्यातली वावटळ. भारतात 1990 मध्ये सीओपीडीचे सुमारे 2 कोटी 81 लाख रुग्ण होते, 2016 मध्ये 5 कोटी 53 लाख झाले. एवढे सगळे बिडीवाले नव्हते. अर्थात जे ओढतात त्यांनी आधी बिडी सोडावी. पेटती बिडी हातात ठेवून पंप किती साथ देणार?

आता रमजान. दरवर्षी या महिन्यात आपल्याकडे कितीतरी पंप कपाटात जातात. पंपाने रोजा तुटतो का, यावर उलमांत मतभेद आहेत. शेख इब्न बाज आणि शेख इब्न उसैमीन यांच्या मते तुटत नाही. देवबंदच्या हनफी मतानुसार तुटतो. तुम्ही तुमच्या आलिमांचं ऐका. पण बहुतेक रोजचे पंप दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यायचे असतात. सहरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर घेता येतात. वेळ बदलायची तर रमजानआधी डॉक्टरांना विचारा. आणि दुपारी दम अडकला तर तातडीचा पंप घ्यायचाच, मगरिबची वाट पाहायची नाही. सूरह अल-बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला सवलत दिली आहे. नंतर कजा आहे, ज्याला कधीच जमणार नाही त्याच्यासाठी फिदया आहे. अल्लाहने दिलेली सवलत शेजाऱ्याच्या लाजेखातर नाकारणं ही कसली परहेजगारी?

शिक्षिका आहे, म्हणून जे अम्मीला शिकवलं ते इथे लिहिते. दोन पंप असतील तर कोणता रोजचा आणि कोणता तातडीचा हे विचारून त्यावर उर्दूत किंवा मराठीत लिहून ठेवा. रोजचा पंप बरं वाटलं तरी बंद करायचा नाही, आणि झटका आला म्हणून मनाने जास्त ओढायचा नाही. फवाऱ्याचा पंप असेल तर टोपण काढून आत काही अडकलंय का पाहा, हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबता दाबता हळू आणि खोल ओढा. पुडीचं यंत्र असेल तर उलट: जोरात आणि खोल ओढायचं, आणि यंत्रात श्वास सोडायचा नाही. दोन्हींत दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा, जमेल तेवढा. हात आणि श्वास जुळत नसतील तर फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर लावा. स्टिरॉइडचा पंप असेल तर शेवटी गुळणी करून पाणी थुंकायचं. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा. पंप पाण्यात तरंगवून रिकामा आहे का ते कळत नाही. त्यावरचा आकडा पाहा किंवा फवारे मोजा. तातडीच्या पंपानेही दम थांबला नाही, ओठ निळे पडले, बोलता येईना, तर पुडीवाल्याकडे नाही, थेट दवाखान्यात.

पैशांचं दुखणं खरं आहे. पंप महाग पडतो, दर महिन्याला लागतो. पण बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल आणि टायोट्रोपियम ही औषधं देशाच्या 2022 च्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी दवाखान्यात ती मागा. नाहीत म्हणाले तर का नाहीत हे विचारा. लग्नाच्या मांडवासाठी वर्गणी काढणाऱ्या मोहल्ल्याला म्हाताऱ्यांच्या पंपांसाठीही काढता येईल.

आणि डॉक्टरांना, मेडिकलवाल्यांना एकच सांगणं: यंत्र देताना दोन मिनिटं द्या. पेशंटला तुमच्यासमोर ओढायला लावा, पुढच्या वेळी पुन्हा ओढायला लावा. वर्गात मुलाने मान डोलावली म्हणून त्याला धडा समजला असं आम्ही मानत नाही, फळ्यापाशी बोलावतो.

अम्मी आता सकाळी पंप घेऊन, गुळणी करून मग चहा पिते. जिना एका दमात चढत नाही, मध्ये एकदा थांबते. पूर्वी चारदा थांबायची. परवा शेजारची खाला म्हणाली, ‘आदत लग गई ना?’ अम्मी म्हणाली, ‘हाँ, साँस लेने की.’