पगला मार्क कोण देतो?

पग म्हटलं की आपल्याला आठवते २००३ ची हचची जाहिरात. पोराच्या मागे निमूट चालणारा तो चपट्या नाकाचा कुत्रा! त्यानंतर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत पग दिसायला लागले ते लागलेच.

पण पग कसा दिसावा याचं चक्क एक स्पेसिफिकेशन आहे, बरं का. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचं स्टँडर्ड क्रमांक २५३. चौकोनी, भरीव अंग, वजन ६.३ ते ८.१ किलो, मोठे गडद डोळे, कपाळावर सुरकुत्या, कंबरेवर घट्ट गुंडाळलेली शेपटी... दोन वेढे असतील तर उत्तमच! शोमध्ये परीक्षक त्याला टेबलावर उभा करतो, डोकं, जबडा, पाठ चाचपतो, थोडं चालवून बघतो. झालं. रिबन.

आमच्या भाषेत हे नुसतं यूआय टेस्टिंग. आतलं काय? तो शेपटीचा गोंडस पीळ म्हणजे मुळात वेडेवाकडे मणके, आणि तीच गडबड कधीकधी पाठीच्या कण्यातही असते. चेहरा आखूड झाला तरी आतली मऊ टाळू त्या मानानं आखूड होत नाही, ती श्वासाच्या वाटेत येते. आणि आपण म्हणतो, किती क्यूट घोरतोय! अहो, जागेपणी घोरतोय तो.

नाकपुड्या मोकळ्या हव्यात असं स्टँडर्डमध्ये लिहिलंय, कबूल. पण रिबन मिळते रिंगमध्ये आलेल्यांतल्या सरसाला. सगळेच धापा टाकत असतील तर त्यातल्या त्यात बरा जिंकतो, आणि मग पिल्लांना मागणी त्याच्याच. म्हणजे बग थेट पुढच्या पिढीत.

लोड टेस्ट नाही असं नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठाबरोबर २०१९ मध्ये एक सुरू केली. कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपनं श्वास ऐकायचा, ० ते ३ ग्रेड द्यायची. ३ वाल्याची पैदास करू नका, असा सल्ला. नुसता सल्ला! नेदरलँड्सने मात्र त्याच वर्षी, तोंडाचा पुढचा भाग कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असेल तर पैदाशीवर बंदीच घातली.

'परीक्षक काही डॉक्टर नसतो' हे उत्तर ठरलेलं. बरोबर आहे की! म्हणूनच माझं म्हणणं, ग्रेडचा कागद नसेल तर रिंगमध्ये प्रवेशच नको. आपल्याकडच्या शोमध्येही.

आणि तुम्ही पिल्लू बघायला जाल तेव्हा आई-बापाची चॅम्पियन सर्टिफिकेटं राहू द्यात. त्यांना समोर तीन मिनिटं पळवून दाखवा म्हणावं.