मोजणारा कोणाचा?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावी कोणी घर बांधावयास काढले, की घरमालक, ठेकेदार आणि गवंडी असे तिघे कामाला लागतात. झालेले काम तटस्थपणे मोजणारा चौथा माणूस तेथे नसतो. शहरांत त्याला क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात. (‘परिमाण सर्वेक्षक’ असा शब्द घडविता येईल, तो उच्चारणारा मात्र मिळावयाचा नाही.) हा व्यवसाय कोणाचीही चाकरी न पत्करता तीस-चाळीस वर्षे करता येतो, आणि तालुक्याच्या गावी राहूनही करता येतो, हे आपल्या पदविकाधारक तरुणांना सहसा कोणी सांगत नाही.

इंग्लंडात या व्यवसायाला जुनी प्रतिष्ठा आहे. सर्व्हेअरांची लंडनमधील संस्था १८६८ सालची. आपल्याकडे लष्करी अभियांत्रिकी सेवेने सर्व्हेअरांचा स्वतंत्र वर्ग राखला. नागरी कामांत मात्र मोजमाप-वही खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याकडे आणि बिलाची आकडेमोड ठेकेदाराच्या नोकराकडे, अशी वाटणी झाली. मोजणारा नेहमीच दोहोंपैकी एका पक्षाच्या पगारावर!

मोजणे म्हणजे टेप धरणे नव्हे. सव्वा मीटर लांबी-रुंदीच्या खिडकीपाशी गिलाव्याची वजावट किती करावी, यावरून घरमालक आणि गवंडी यांच्यात बोलाचाली होते. भारतीय मानक १२०० या प्रश्नाचे उत्तर देते : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, त्याहून मोठ्या, पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीची वजावट भिंतीच्या एकाच बाजूस. हे ठाऊक असलेला तिऱ्हाईत हजर असेल, तर भांडण पाच मिनिटांत मिटते. वाळूचेही तसेच. ती ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर विकली जाते. पण बारीक वाळू ओलसर असता पाचव्या हिश्शाहूनही अधिक फुगते. ट्रॉलीत ब्रास भरलेला दिसतो; त्यातला काही भाग निव्वळ ओलाव्याचा असतो.

याहून गंभीर प्रश्न मजुरीचा. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा जानेवारी १९७९ मध्ये अमलात आला. त्या कामांवर मजुरी ठरे ती खणलेल्या मातीच्या घनमापावर. खणताना मध्ये न खणलेल्या मातीचे उंचवटे राखतात. मूळ जमिनीची पातळी त्यांवरून कळते. मोजणीआधी ते पाडले गेले किंवा पावसाने वाहून गेले, की मजुराच्या घामाचा पुरावाच नाहीसा होतो. तलावांच्या या जिल्ह्यात गाळ किती निघाला हा कागदी हिशोब नसतो. त्यावर कोणाच्या तरी घरची चूल पेटत असते.

या व्यवसायात उतरणाऱ्याने पहिली पाच-सहा वर्षे कोणा जाणत्याच्या हाताखाली काढावीत. पाया भरला जाण्यापूर्वी तो डोळ्यांनी पाहण्याची सवय तेथेच लागते. गणकयंत्र गुणाकार करील, पण मातीआड गेलेले काँक्रीट त्याला दिसत नाही. पुढे स्वतंत्र झाल्यावर मोबदला बिलाच्या टक्केवारीवर कदापि घेऊ नये. बिल फुगले की ज्याची कमाई फुगते, त्याच्या आकड्यावर विश्वास कोणी ठेवावा? ठोक रक्कम घ्यावी, नाहीतर दिवसाचा दर. एका कामात दोन्ही पक्षांकडून पैसे घेणे तर आत्मघातच. तालुक्यात अशी गोष्ट आठवडी बाजारापर्यंतही लपत नाही. आणि मोजणीचे कागद फेकू नयेत. काम संपून पाच वर्षांनी तंटा लवादापुढे जातो, तेव्हा तारीखवार लिहिलेला तो जुना तक्ताच बोलतो. असे दोन-तीन तंटे निस्तरले, की मग माणसाला कामे शोधीत हिंडावे लागत नाही.

या माणसाने सगळी उधळपट्टी थांबेल, असा आमचा दावा नाही. ज्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, त्याचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींवर गेला. भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन यांना टेप लावता येत नाही. परंतु गावच्या रस्त्याचा थर किती जाडीचा पडला, याला नक्कीच लावता येते.

शासनाने सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी ठेक्यांचा एक हिस्सा राखून ठेवला. हेतू चांगला होता. पण त्यातून तरुण अभियंत्यापुढे ठेकेदार होण्याचीच वाट मोकळी झाली. मोजणारा होऊन पोट भरण्याची सोय कोणी केली नाही. जिल्हा परिषदेने यांपैकी काहींची मोजणीदार म्हणून सूची करावी, त्यांनी स्वतःच्या तालुक्यात ठेका घेऊ नये अशी अट घालावी आणि त्यांचे मानधन कामाच्या अंदाजपत्रकातच धरावे. प्रयोग एकाच तालुक्यापुरता करावयाचा असेल, तर तो साकोलीत व्हावा.