मूसाचं नाव कोणी बदललं?

भाईंदरहून चर्चगेटला जाताना लोकलमध्ये मी 'हकलबरी फिन' पुन्हा वाचली. मार्क ट्वेनची ही कादंबरी अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. हक हा गोरा पोरगा आणि गुलामीतून पळालेला जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून निघतात. इंजिनिअरिंगला असताना मला तिच्यात फक्त साहस दिसलं होतं. आता काळ्या माणसांसाठीची शिवी पानोपानी टोचली.

२०११ मध्ये एका अमेरिकन आवृत्तीने ती शिवी काढून तिथे 'गुलाम' हा शब्द घातला. मला ते पटत नाही. शिवी पुसली, तर ती देणारा समाजही सहज सुटतो. शिवाय हकचं मोठेपण कळत नाही. जिमला पकडून देणारी चिठ्ठी फाडताना आपण नरकात जाणार, असं त्याला खरंच वाटतं. तरी तो ती फाडतो.

हाच ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत आला आणि काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात उतरला. एका जर्मन माणसाने तिथल्या नोकराच्या थोबाडीत मारलेली त्याने पाहिली. त्याला लहानपणी पाहिलेली गुलामगिरी आठवली. हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. पण त्याच प्रवासवर्णनात आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या नोकराचं नाव होतं मूसा. ट्वेनने गमतीत ते बदलून 'सैतान' ठेवलं. अठरा वर्षांचे आगाखान तिसरे त्याला भेटायला आले, 'हक फिन'वर बोलले. त्यांच्या येण्याची वर्दी देणारा हाच मूसा होता.

दुसऱ्याने मारलेली थप्पड ट्वेनला दिसली, स्वतः केलेला अपमान मात्र विनोद वाटला.

मला राग आला, कारण पहिल्या नोकरीत क्लायंटच्या सोयीसाठी माझंही नाव 'सॅम' झालं होतं. मी हसून मान्य केलं होतं. पण त्याच रात्री सोसायटीच्या गेटवर मी सवयीने 'ए बहादूर' अशी हाक मारली आणि थबकलो. तीन वर्षांत त्या माणसाचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

मित्रांनो, जुनी पुस्तकं फेकू नका आणि त्यांची वकिलीही करू नका. आजच्या नजरेने जरूर वाचा, पण ती नजर लेखकावर रोखली की एकदा स्वतःकडेही वळवा. मी दुसऱ्या दिवशी वॉचमनला नाव विचारलं. बहादूर हे त्याचं नाव नाही.