मालिकेतली आई आणि घरातली आई



संध्याकाळचे साडेसात वाजले की आमच्या गल्लीतल्या घराघरांतून एकाच मालिकेचा आवाज यायचा. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जवळपास पाच वर्षे चालली. अरुंधतीने नवऱ्यापासून वेगळे व्हावे की नाही, पुढे आशुतोषशी लग्न करावे की नाही, यावरून नळावर भांडणे व्हायची. सासवा एका बाजूला, सुना दुसऱ्या. मी सुनांच्या बाजूने होते. अशी भांडणे मला आवडतात. वाद घालणारी बाई मालिका नुसती बघत नाही, तपासूनही बघते.

पण एक प्रश्न त्या वादात कुणीच विचारला नाही. ही बाई जेवते कधी?

सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई ही किती तरी मालिकांची नायिका असते. ती दुखणे लपवते, कुणासाठी तरी उपवास धरते, आणि आपण म्हणतो, ‘किती गुणाची!’ मग तिला चक्कर येते. डॉक्टर घरी येतात, नाडी बघतात आणि गोड बातमी सांगतात. आपल्या वस्तीत बाईला चक्कर येते तेव्हा अनेकदा अंगात रक्त कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. रोज लोहाची गोळी घेणारी नायिका मात्र मी अजून पाहिलेली नाही.

२०१९ मध्येच स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका लागली. आमच्या शेजारच्या मावशी तिचा एकही भाग चुकवत नसत. रमाईचे हाल बघताना पदर डोळ्यांना लागलेला असे. याच मावशींना नळावरून हंडा आणताना वाटेत दोनदा बसावे लागे. ‘दवाखान्यात चला’ म्हटले की उत्तर ठरलेले : ‘रमाईनं एवढं सोसलं, मला काय धाड भरलीय?’ शेवटी ओढूनच नेले. हिमोग्लोबिन ६.८ निघाले. बाईचे १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, ८ च्या खाली तो गंभीर असतो.

मावशींचे उत्तर मला अजून टोचते. रमाईने सोसले ते गरिबीमुळे. पाचातली चार मुले गेली, आणि २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजाराने त्या स्वतः गेल्या. त्या सोसण्यापुढे मान झुकवायची, पण ते गिरवायचा धडा करायचा नाही. आज तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळत असताना अंगावर काढणे हा त्याग नव्हे, हेळसांड आहे.

हे मी बोलून दाखवले तेव्हा काहींना राग आला. ‘बाबासाहेबांच्या मालिकेवर टीका करता?’ बंधूंनो, रमाई आपल्या आहेत, मालिका वाहिनीची आहे. कोणत्या अश्रूवर कॅमेरा किती वेळ ठेवायचा, हे तिथे ठरते. विभूतिपूजेपासून सावध राहा, असे तर बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. ते राजकारणाबद्दल बोलत होते, पण तीच सावधगिरी टीव्हीसमोर बसतानाही हवी.

म्हणून मालिका जरूर बघा, रडा, भांडा. फक्त जाहिराती लागल्या की घरातल्या बाईकडे बघा. ती जेवली का? जिना चढताना तिला धाप लागते का? खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसते का? थकवा असेल तर पापणी लाल दिसली तरी रक्त तपासा. पाळीत जास्त रक्त जाते का, जंत आहेत का, हेही डॉक्टरांना सांगा. गोळ्यांनी शौचास काळी होते, घाबरून त्या बंद करू नका. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, पानात लिंबू असू द्या. आणि रविवारी काळीज आणले तर पहिला वाटा तिच्या ताटात पडू द्या.

मावशींना चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतले, मग कित्येक महिने गोळ्या चालल्या. आता त्या हंडा घेऊन एका दमात येतात. मालिका सुटलेल्या नाहीत. परवा कुठल्याशा मालिकेत सून उपाशीपोटी सगळ्यांना वाढत होती, तर मावशी टीव्हीवरच ओरडल्या, ‘अगं, आधी तू जेव ना बाई!’