नव्या गालिच्याचा वास आणि दुकानदाराची जबाबदारी

नवा गालिचा अंथरला की खोलीत उग्र वास भरतो. गिऱ्हाइकाने विचारले तर आपण "कोऱ्या मालाचा वास आहे, जाईल" असे सांगून मोकळे होतो. वास जातो हे खरे; पण तो कशाचा, हे सांगणे दुकानदाराचेच काम आहे.

टफ्टेड गालिच्यात धागे गाठी न मारता कापडात नुसते टोचलेले असतात. ते निसटू नयेत म्हणून पाठीवर लॅटेक्सचा थर देतात. हे लॅटेक्स कृत्रिम असेल तर त्यातून स्टायरीन आणि ४-फिनाइलसायक्लोहेक्झीन यांची वाफ निघते. 'कोरा वास' मुख्यतः या दुसऱ्या रसायनाचा. भदोही-मिर्झापूरच्या हातगाठीच्या लोकरी गालिच्याला असा थर लागत नाही.

१९८७-८८ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्याच मुख्यालयात नवे कार्पेट घातल्यावर अनेक कर्मचाऱ्यांनी डोळे चुरचुरणे, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा तक्रारी केल्या. नेमका दोष कोणत्या रसायनाचा, यावर वाद झाला. पण पुढे १९९२ साली तेथील कार्पेट उद्योगाने वाफेची तपासणी करून 'ग्रीन लेबल' देणे सुरू केले. स्टायरीनपासून माणसाला कर्करोग होण्याची शक्यता आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ठरविले. गालिच्यातून निघणारे प्रमाण अल्प असते व काही दिवसांत ते बरेच उतरते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु दमेकऱ्याला आणि रांगत्या मुलाला अल्प प्रमाणही बाधू शकते.

आपल्याकडे रमजानच्या तोंडावर मशिदीत नवे कार्पेट घालतात. सजद्यात नाक थेट त्याला टेकते. तेव्हा हे काम आदल्या रात्रीवर न ठेवता आठवडाभर आधी उरकावे.

सर्वाधिक वाफ मात्र आपला फिटर घेतो. बंद खोलीत गुडघ्यांवर बसून तो तासन्‌तास सोल्युशन लावतो. त्याला चक्कर आली तर ती उन्हाची समजू नये.

उपाय बिनखर्चाचे आहेत. माल पोहोचविण्यापूर्वी गुंडाळी उलगडून दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावी. बसविताना व नंतर तीन दिवस खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि एसी बंद ठेवावा. तोवर लहान मुलांना व दमेकऱ्यांना त्या खोलीत झोपवू नये. एवढे बिलाच्या पाठीवर छापून द्यावे. मालातला ऐब आधी सांगणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक पुन्हा वळते.